कोरडवाहूच्या तीन कॅसेटी

लातूर
९ जानेवारी २०२५

अश्वजित,

कसा आहेस हे विचारत नाही. तहसील कचेरीतला अव्वल कारकून कसा असतो ते जगाला माहीत आहे. परवा आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर मी तुला एवढं लांबलचक लिहिलं आणि तू खाली एक अंगठा चिकटवलास. त्याच मिनिटाला मी ग्रुप सोडला. आता कागदावर लिहितेय, म्हणजे तुला निदान पाकीट तरी फोडावं लागेल.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी माझ्या क्लासला वर्षाराणी म्हणून एक मुलगी होती, शिरूर अनंतपाळची. फिजिक्समध्ये बरी, बाकी गप्प. ती परवा घरी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही नांदेडला शिकलात ना? माझ्या पप्पांचा बँड होता. कोरडवाहू." माझ्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. म्हणजे बघ, दोन वर्षं मी व्यंकटीच्या पोरीला न्यूटन शिकवला आणि मला पत्ता नाही.

तिला बापाच्या तिन्ही कॅसेटी इंटरनेटवर टाकायच्या आहेत. सोबत एक छोटी पुस्तिका, जुन्या ऐकणाऱ्यांच्या आठवणींची. विचारत होती, कुणी उरलंय का ऐकणारं. मी म्हटलं, दोघं आहेत आणि दोघांचीही तोंडं वाईट आहेत. तरी तिला चालणार आहे.

सुरुवात मी अशी केली आहे, वाच: "१९९९ ते २००१ या काळात कोरडवाहू बँडने तीन कॅसेटी काढल्या. शिरूर अनंतपाळची चार पोरं, एक उसनी गिटार आणि लग्नाच्या बँजो पार्टीचा ड्रम. मराठवाड्यातला पहिला आणि शेवटचा पंक बँड. नांदेडच्या हॉस्टेलांत त्यांच्या कॅसेटी डब होऊन हातोहात फिरल्या, पण त्यांना स्टेजवर कुणी पाहिलं नव्हतं. फेब्रुवारी २००१ मध्ये आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला ते पहिल्यांदा स्टेजवर आले आणि त्यांनी आम्हाला दगा दिला."

दगा कसा ते तुला सांगायला नको. सांस्कृतिक सचिव तूच होतास, बोलावणंही तूच धाडलं होतंस. तीच गाणी, पण आजारी बैलासारखी ओढत आणली. तो चिरका, फाटका आवाज घरी ठेवून व्यंकटीने जड, भरदार गळा काढला. समोर प्राचार्य आणि पाहुणे सपत्नीक बसलेले दिसले आणि गडी लगेच सभ्य झाला. तिसऱ्या गाण्याला मी डावी चप्पल काढली. त्याच्या कपाळावर बसली. त्यानंतर मागच्या रांगांतून काय काय गेलं त्याची गणती नाही. मी एका पायात चप्पल घालून हॉस्टेलपर्यंत चालत गेले. ती उजवी अजून माझ्या कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. लोक पदकं ठेवतात, मी ती ठेवली.

अट एकच. एका पत्रात एक कॅसेट, आणि खरं लिहायचं. मी काल पहिली ऐकली, 'आभाळाकडं'. तू डब करून दिलेलीच, लेबलवर तुझ्या लाल स्केचपेनने 'पंक' लिहिलेली. निम्मी गाणी टुकार आहेत. "आभाळाकडं काय बघतो, मान दुखंल" हे बारा वेळा म्हटलं की त्याचं काव्य होत नाही. पण वेग बघ. कुठं श्वास घ्यायला जागा नाही. आवाज असा फाटलेला की स्पीकरलाच राग आलाय. माझं जमलेलं लग्न मी मोडलं तेव्हा बाबांसमोर उभी राहून मी मनात हेच गाणं म्हणत होते, याच वेगात. हळू म्हटलं असतं तर रडले असते आणि आज निलंग्यात कुणाच्या तरी चार सुनांपैकी एक असते. तेवढं त्या माणसाचं देणं आहे, म्हणूनच त्याचा दगा मला पचत नाही.

आता 'टँकर' तू ऐक आणि लिही. अंगठा नको.

रेणुका


बिलोली
२२ जानेवारी २०२५

रेणुकाबाई,

पाकीट ऑफिसातच फोडलं. एवढं जाड पाकीट बघून शिपायाला वाटलं साहेबांना लाचलुचपतवाल्यांची नोटीस आली. दोन दिवस तो माझ्याकडं लई मायेनं बघत होता.

आमच्या कचेरीला नावं ठेव, ठेवायसारखी हाय. पण तुमच्या लातुरात काय चाललंय? सतरा वर्षांच्या पोरांचे फोटो चौकाचौकात टांगता, खाली मार्क लिहिता. आमच्याकडं जमिनीचे नकाशे पण एवढे मोठे लावत न्हाईत.

'टँकर' ऐकली. खरं लिहायचं म्हणतेस तर खरं सांगतो, लई फालतू हाय. "टँकर आला, टँकर आला, घागरीला पाय फुटले." यात काय हाय? दुसऱ्या कडव्यानंतरची ती शिट्टी सोडली तर ध्यानात राहावं असं काहीच न्हाई. व्यंकटीला गळा न्हाई, ताल न्हाई, नुसता वेग. तो वेग काढून घेतला तर खाली काय उरतं? मला वाटतं त्या वयात आपण पाण्याच्या मोटारीचा आवाज पण पंक म्हणून ऐकला असता.

तो आता मंडप आन साऊंडचं काम करतो. तीनेक वर्षं झाली, देगलूरकडं एका लग्नात दिसला होता. स्पीकरच्या वायरी कोपरावर गुंडाळत होता, कपाळावर ती खूण. नवरदेवाचा मामा म्हणत होता, अहो माइक तुमचाच हाय, म्हणा की एखादं गाणं. तर म्हणाला, मला येत न्हाई. मी न जेवता मागच्या दारानं निघून आलो. असल्या माणसाचं तोंड बघायची इच्छा होत न्हाई.

माझं ऐकशील तर पुस्तिकेचं खूळ सोड. चोवीस वर्षं झाली. मेलेलं मढं उकरून त्याला पावडर लावण्यात काय हशील हाय? पोरीला सांग, कुणी राहिलं न्हाई म्हणून.

आन हो, तिच्याकडं मूळ कॅसेटी हायत का, का नुसत्या कॉप्या? सहज विचारून राहिलो.

अश्वजित


लातूर
६ फेब्रुवारी २०२५

अश्वजित,

तुझं पत्र वाचून वाटलं होतं, हा अगदीच आंबला. पण आज मला तुझी माफी मागायची आहे, म्हणजे जवळपास मागायची आहे. व्यंकटी तू समजतोस त्याहून नीच निघाला.

तिसरी कॅसेट, 'उद्या या', माझ्याकडं नाही. २००६ मध्येच माझ्या टेपरेकॉर्डरने ती खाल्ली. म्हणून वर्षाराणीला सांगितलं. ती म्हणाली, पप्पांच्या पेटीत मूळ कॅसेट आहे, मी कॉम्प्युटरवर घेतली आहे. पेनड्राइव्ह आणून दिला. काल क्लास सुटल्यावर लावला.

अरे, त्याने सगळं पुन्हा गायलंय. तेच शब्द, तीच चाल, आणि गॅदरिंगच्या दिवसासारखं रडत रडत. "उद्या या, उद्या या, साहेब आज जेवायला गेले." आपण हे खिडकीवर दगड मारल्यासारखं म्हणायचो. आणि हा म्हणतो तेव्हा वाटतं, एखादा म्हातारा खरंच तुझ्या खिडकीसमोर पिशवी धरून उभा आहे आणि त्याला उद्याही यायचं आहे. गिटार अशी स्वच्छ, जशी धुऊन वाळत घातली आहे. एक तार फाटलेली नाही. आणि हे नवं रेकॉर्डिंग मूळ कॅसेट म्हणून स्वतःच्या पोटच्या पोरीच्या हातात दिलं. ती बिचारी छाती फुगवून सांगते, पप्पा तेव्हा असे गायचे.

म्हणजे आधी स्टेजवर दगा आणि आता इतिहासात. लोकांनी चप्पल मारली ती कशासाठी मारली याचा पुरावाच पुसून टाकायचा. उद्या कुणी ऐकेल आणि म्हणेल, एवढ्या गोड माणसाला मारणारे ते हलकट कोण होते?

पुस्तिकेत मी हे सगळं नाव घालून लिहिणार आहे. पोरीला वाईट वाटेल, वाटू दे. खोट्या बापापेक्षा बरं. पण पुरावा लागेल. तुझी 'उद्या या' ची कॅसेट रजिस्टरने पाठव. दोन्ही शेजारी लावते आणि तिलाच ऐकवते.

रेणुका


बिलोली
१४ फेब्रुवारी २०२५

रेणुका,

कॅसेट सापडत न्हाई. माळ्यावर होती, उंदरांनी खाल्ली असंल.

पुस्तिकेत त्याच्याविरुद्ध काही लिहू नको. गडी गरीब हाय. गायला असंल पुन्हा, त्याचीच गाणी हायत. सोड.

अश्वजित


लातूर
९ मार्च २०२५

अश्वजित,

तुझं चार ओळींचं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवून बघत बसले होते. ज्याच्या गाण्याला तू जानेवारीत फालतू म्हणालास तो फेब्रुवारीत 'गरीब' झाला. आणि तुझ्या घराला माळा नाही. तुझ्या गृहप्रवेशाला मी आले होते, वर स्लॅब आहे.

मग मी ते केलं जे माझ्या पोरांना रोज करायला लावते. अंदाजाने उत्तर काढायचं नाही, मोजायचं. वर्षाराणीकडून पहिल्या दोन कॅसेटींचंही मूळ रेकॉर्डिंग मागवलं आणि स्टॉपवॉच घेऊन बसले.

'टँकर', तू दिलेल्या कॅसेटवर तीन मिनिटं पाच सेकंद. मूळ कॅसेटवर चार मिनिटं बरोबर. 'मान दुखंल', तुझ्याकडं अडीच मिनिटं, तिच्याकडं सव्वातीन. 'घागर', तुझ्याकडं तीन वीस, तिच्याकडं चार वीस. दोन कॅसेटींत मिळून एकोणीस गाणी आहेत, सगळी मोजली. भागाकार प्रत्येक वेळी एक पूर्णांक तीन दशांश. कुठलाच माणूस एकोणीस गाणी नेमकी तेवढ्याच पटीत हळू करून पुन्हा गाऊ शकत नाही. मशीन करू शकतं. मशीन वेगात फिरलं की आवाजही वर चढतो, जड गळा चिरका होतो. हे मी दरवर्षी सहाशे पोरांना शिकवते आणि मला चोवीस वर्षांत सुचलं नाही. माझ्या डिग्रीची सुरळी करून तुला पाठवायला पाहिजे.

तरीही मी थांबले असते. म्हटलं असतं, काहीतरी योगायोग. पण 'टँकर' मधली ती शिट्टी. हॉस्टेलच्या गच्चीवर आपण त्या शिट्टीवर दोन तास वाद घातला होता. आपल्या टोळीतला संगमेश म्हणायचा ते परदेशी मशीन आहे, तू म्हणायचास तो पोलिसांवरचा टोमणा आहे. मूळ कॅसेटवर, त्याच कडव्यानंतर, त्याच जागी, कोंबडा आरवतो. साधा, गावरान कोंबडा. घरात रेकॉर्डिंग चालू असताना दारात आरवला असेल. माणूस गाणं पुन्हा गाईल, पण कोंबडा पुन्हा त्याच जागी आरवणार नाही.

म्हणजे व्यंकटी नेहमी असाच गायचा. स्टेजवरही असाच गायला. जे कॅसेटमध्ये होतं तेच त्याने आमच्यासमोर ठेवलं. आमच्याकडची कॅसेट दुसरीच होती, आणि ती तू डब करायचास.

पहिल्या पत्रात तू विचारलं होतंस, मूळ कॅसेटी आहेत का, सहज विचारून राहिलो. आता मी सहज विचारतेय.

रेणुका


बिलोली
१८ मार्च २०२५

रेणुका,

तुला माहीत हाय, नांदेडला स्टेशनजवळ धम्मानंदमामाचं डबिंगचं दुकान होतं. जयंतीच्या आधी दोन महिने भीमगीतांच्या कॅसेटी रात्रंदिवस निघायच्या. मामा पंचेचाळीस मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटी पोत्यानं आणायचा. ९९ साली जयंती झाली आन दोन पोती उरली. त्याच आठवड्यात लातूरकडचा एक ड्रायव्हर 'आभाळाकडं' घेऊन आला. म्हणाला, गावातल्या पोरांनी काढली, विकली जात न्हाई. मी लावली. अठ्ठावन्न मिनिटं होती. शब्द आवडले मला. हॉस्टेलच्या पोरांना द्यावी वाटली. पण साठची कोरी कॅसेट दुकानात एक न्हाई.

वाजवायच्या डेकच्या मोटारीला मागं एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. घड्याळाच्या पेचकसनं फिरवला की मोटार जोरात पळती. मामा कधीकधी लांबलेली भाषणं अशीच बसवायचा. मी अठ्ठावन्न मिनिटं पंचेचाळीसमध्ये बसवली. रेकॉर्डिंगचा आवाज पण मीटरचा काटा लाल पट्टीत जाईपर्यंत चढवला, कारण हॉस्टेलचे टेपरेकॉर्डर फाटके, त्यांच्यावर बारीक ऐकू येत न्हाई. म्हणून ती गिटार फाटली. बस एवढंच. मग लावून बघितली तर अंगावर काटा आला. आपल्याकडं असं काही कुणी केलंय हे मला खरं वाटंना. संगमेशनं एका मासिकात शब्द वाचला होता, तो मी लाल पेनानं लेबलवर लिहिला. कोरडवाहूवाल्यांनी तो शब्द कधी उच्चारला पण नव्हता.

आता तू विचारायच्या आधी सांगतो. दुसऱ्या वेळी साठच्या कॅसेटी होत्या. पुरून उरतील एवढ्या होत्या. तरी मी स्क्रू तेवढाच फिरवला. तिसऱ्या वेळी पण फिरवला. तू आन बाकीची पोरं गच्चीवर उड्या मारताना बघितली होती मी. वाटायचं, हे मी केलंय. कुणाला सांगता येत नव्हतं, तरी वाटायचं.

बोलावणं पण मीच धाडलं. मला वाटलं स्टेजवर पोरं जोशात येतील, ड्रम जोरात वाजंल, निभून जाईल. पडद्यामागं त्यांनी गाणं जुळवून बघितलं तवाच मला कळलं. मी त्याला सांगू शकलो असतो. माइक माझ्या हातात होता, तुम्हाला सांगू शकलो असतो. तुम्ही ओरडत होता, वेग, वेग. तो बिचारा खाली वाकून गिटारवाल्याला विचारत होता, काय म्हणून राहिलेत हे? मग तुझी चप्पल आली. मी पडद्यामागं उभा होतो आन माइक बंद करून खाली ठेवला.

लग्नातून मागच्या दारानं पळालो ते यामुळं. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

अश्वजित


लातूर
२५ मार्च २०२५

अश्वजित,

मला काय म्हणायचं ते आठवडाभर शोधतेय. तुझ्याविषयी मला कधीच फार आदर नव्हता, त्यामुळं कमी होण्यासारखं काही सापडलं नाही.

चिडायचं कशावर तेही ठरत नाही. माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट मी कुणाला न विचारता केली, आणि ती ज्या गाण्याच्या बळावर केली ते गाणं मोटारीच्या मागच्या भोकातल्या स्क्रूने केलेलं. बाबांसमोर उभी होते तेव्हा माझ्या डोक्यात व्यंकटी नव्हता, तू होतास, पेचकस धरून. हसू येतं आणि किळस येते, दोन्ही एकदम. लग्न मोडलं त्याचा पश्चात्ताप नाही, तेवढं समाधान तुला देणार नाही.

पण तू माझ्याकडं कबुली पाठवलीस हे फार हुशारीचं केलंस. माझ्याकडं काय आहे? मी तुला चार शिव्या देईन, तू डोकं खाली घालशील, झालं. तुझ्या कचेरीत अर्ज येतात तसं. आवक नंबर टाकला की काम झाल्यासारखं वाटतं. ज्याचं काम आहे तो शिरूर अनंतपाळला वायरी गुंडाळत बसला आहे आणि चोवीस वर्षं त्याला कळलेलं नाही की त्याचीच गाणी आवडणाऱ्या लोकांनी त्याला त्याचीच गाणी म्हटल्याबद्दल का मारलं.

तू जायचं. कॅसेटी घेऊन जायचं. जी उंदरांनी खाल्ली तीही घेऊन जा. चौदा एप्रिलच्या आत. त्या दिवशी तू गावात निळा फेटा बांधून, खरं बोलावं यावर भाषण करतोस हे मला ठाऊक आहे. आधी हे कर आणि मग भाषण कर. नाही गेलास तर मी जाईन आणि मी सांगितलेलं तुला आवडणार नाही.

रेणुका


बिलोली
१६ एप्रिल २०२५

रेणुका,

बारा तारखेला जाऊन आलो. यंदा भाषण केलं न्हाई, दुसऱ्या कुणाला तरी म्हणलं, तू कर.

शिरूरला बसस्टँडच्या मागं त्याचं गोदाम हाय. वेळ दुपारची. स्पीकरच्या पेट्या, कनाती, मधी तो खुर्चीवर बसून एका माइकचं डोकं घासत होता. मी म्हणलं, नांदेडचा हाय, तुमच्या गाण्यांचा जुना ऐकणारा. मला ओळखलं न्हाई. खुर्ची दिली. म्हणाला, पोरगी म्हणत होती कुणीतरी येणार म्हणून. म्हंजी वर्षाराणीला तू आधीच सांगून ठेवलं होतंस. तुझा माझ्यावर एवढाच भरवसा.

माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता, त्यात 'टँकर' घातली. तो म्हणाला, एवढ्याशा डब्यावर काय ऐकायचं, द्या इकडं. त्यानं वायर काढून मोठ्या स्पीकरला जोडली. मी बटण दाबलं.

पहिल्या ओळीला त्यानं मान वर केली. दुसऱ्या ओळीला पाय हलायला लागला. म्हणाला, "आमचंच गाणं उचललंय की कुणीतरी." थोड्या वेळानं हसला. म्हणाला, "पन भारी उचललंय. कोन हायत रे ही पोरं? लई दम हाय. आमाला असं जमाया पायजे हुतं. ह्यांना स्टेजवर कुनी चप्पल मारली नसती."

रेणुका, मला त्याच वेळी उठून पळून जावं वाटलं. दार उघडं होतं. मग दुसरं कडवं संपलं आन ती शिट्टी वाजली. त्याचा पाय थांबला. म्हणाला, "इथं आमचा कोंबडा हुता." आन माझ्याकडं बघितलं. स्पीकर मोठा असल्यानं सगळं गोदाम त्या आवाजानं भरलेलं, आन आम्ही दोघं एकमेकांकडं बघून राहिलो.

मी सगळं सांगितलं. पोती, स्क्रू, लाल पेन, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, पडदा, माइक. काही झाकून ठेवलं न्हाई. त्यानं टेप बंद केला. वायर काढली, कोपरावर गुंडाळली, खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, "चोवीस वर्सं मी समजत हुतो माजा गळा वाईट हाय. पोरगी न्हान हुती तवा रडायची. बायकू म्हनायची, म्हना की कायतरी, झोपंल. मी म्हनलो न्हाई. म्हनलं, उगं पोरीच्या कानावर कशाला."

मी हात जोडले. तो म्हणाला, "ते खाली घ्या. तुमाला च्या द्यायची माजी इच्छा न्हाई. पन उनाचं आलाव, बसा." आन खरंच चहा दिला न्हाई. पाणी दिलं. मी तासभर बसलो. त्यानं माइक घासून पुरा केला, मधनंच माझ्याकडं बघायचा. माझ्याकडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं, आन मला वाटलं हेच माझं खरं माप हाय.

निघताना त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. एक, इंटरनेटवर दोन्ही टाकायच्या, आधी त्याच्या कॅसेटी, मग माझ्या. दोन, माझ्यावाल्यावर त्याचं नाव घालायचं न्हाई, माझं घालायचं. मी म्हणलं, न्हाई हो, गाणी तुमची हायत. तर म्हणाला, "गानी माजी हायत. ते गानं तुमचं हाय. मार मी खाल्ला, आता नाव तुमी घ्या."

तिसरी गोष्ट त्यानं विचारली. कपाळावर बोट ठेवून म्हणाला, "ही कुनाची हुती?"

मी सांगितलं न्हाई. माझं मी सांगितलं. तुझं तू सांग. पत्ता खाली देतो.

व्यंकटी, कोरडवाहू मंडप अँड साऊंड, बसस्टँडमागे, शिरूर अनंतपाळ, जि. लातूर.

हो, दुकानाचं नाव तेच हाय.

अश्वजित


लातूर
२३ एप्रिल २०२५

श्री. व्यंकटी यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या वर्षाराणीला मी फिजिक्स शिकवलं. हे पत्र तिच्या हाती देता आलं असतं, पण तिच्या हातून हे पोचवावं असं मला वाटलं नाही.

मी गोड बोलणारी बाई नाही, तेव्हा आधीच सांगते. तुमची गाणी मी आता रोज ऐकते, खरी, हळू असलेली. मला ती आवडत नाहीत. फार हळू आहेत आणि 'घागर' मध्ये तुम्ही एक कडवं उगीच वाढवलं आहे. फक्त 'उद्या या' मध्ये, साहेब जेवायला गेल्यावर, तुम्ही एक श्वास घेता. तो आमच्या कॅसेटवर कधी ऐकू आला नव्हता. तेवढा मी पुन्हा पुन्हा लावते.

पुस्तिकेत मी एक वाक्य लिहिलं होतं, "त्यांनी आम्हाला दगा दिला." त्यातलं 'त्यांनी आम्हाला' खोडून 'आम्ही त्यांना' केलं आहे. बाकी वाक्य तसंच ठेवलं. खाली माझं पूर्ण नाव आहे. वर्षाराणी वाचेल तेव्हा तिला कळेल, आणि ती पुन्हा माझ्या दारात आली नाही तर मी समजून घेईन.

अश्वजित भित्रा आहे, पण तुम्हाला मारलं नाही त्याने. तुम्ही त्याला विचारलं होतं ती चप्पल कुणाची. माझी होती. मी नेम धरून मारली होती, तिसऱ्या गाण्याला, आणि चोवीस वर्षं ती गोष्ट मी लोकांना हसत सांगितली. चप्पल चुकीच्या माणसाला बसली.

डावी तिथं स्टेजवरच राहिली. उजवी मी जपून ठेवली होती. सोबतच्या पार्सलमध्ये तीच आहे, वर्तमानपत्र २००१ चंच आहे. लातूरला याल तेव्हा ती हातात घेऊन या. रविवारी क्लास नसतो, दार मीच उघडते.

रेणुका